मशीन सगळं धुवत नाही

नौपाड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड समोर आला: ‘हृदयाच्या गोळ्यांनीच किडनी जाते. डायलिसिस सुरू झालं की त्या बंद करा, मशीन रक्त धुतंच. रोज शहाळं प्या.’ काल एका काकूंनी तो दाखवून विचारलं, “मग यांच्या गोळ्या आता नकोत ना?”

‘किडनी गोळ्यांनीच जाते’, हा फॉरवर्डमधला पहिला दावा. बहुतेकांची जाते ती मधुमेहाने आणि बीपीने. रामिप्रिलसारखी बीपीची गोळी तर तिला सांभाळायलाच देतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) चढतं, खरं आहे. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. पण रिपोर्टमध्ये आकडा लाल दिसला की खापर गोळीवर.

दुसरा दावा, ‘मशीन सगळं धुतं’. इथे मात्र मी काकूंना स्टूल दिलं. काकांना डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू आहे. धडधाकट माणसाच्या अंगातून ते निम्मं व्हायला दीड-दोन दिवस लागतात, किडनी बंद असेल तर चार-पाच. ते रक्तात थोडं आणि स्नायूंत जास्त मुरलेलं असतं, म्हणून मशीनच्या हाती फारसं लागत नाही. पाकिटावर मीच लिहिलं होतं, ‘अर्धी, एक दिवसाआड’. “हे तर रोज घेतात,” काकू म्हणाल्या. जेवणावरची वासना उडालीय, आणि ट्यूबलाइट पिवळी दिसते म्हणतात. डिगॉक्सिन साचल्याची ही जुनी ओळखीची लक्षणं. म्हटलं, पुढची गोळी देऊ नका, आत्ताच डॉक्टरांना फोन लावा.

म्हणजे त्रास खोटा नाही, उपाय खोटा आहे. अ‍ॅटेनोलॉल हे बीपीचं आणि हृदयाचं औषध मशीनमध्ये खरंच धुऊन जातं, म्हणून डायलिसिसच्या दिवशी ते नंतर देतात. तीच गोळी मनाने एकदम तोडली तर छातीत कळ उठू शकते, अ‍ॅटॅकसुद्धा येऊ शकतो. प्रत्येक गोळीचा हिशोब वेगळा.

आणि शहाळं! पाव लिटर पाण्यात 400 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम. रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) दोन्ही पोटॅशियम वाढवतात, बाहेर टाकणारी किडनी बंद. ते फार चढलं तर हृदय थांबतं. ‘लो सोडियम’ मिठातही बऱ्याचदा पोटॅशियमच असतं.

काकूंनी डॉक्टरांना फोन लावला. निघताना पिशवीतलं शहाळं काढून काउंटरवर ठेवलं, “तुमच्या पोऱ्याला द्या.”