सवय नाही, पैसे नाहीत

आज सकाळी शाळेच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने फोटो टाकला. हायवेवरचं हॉटेल, बाहेर ओळीने मांडलेल्या चुली, वर भलामोठा बोर्ड, 'चुलीवरचं गावरान मटण'. इथवर काही म्हणणं नाही. मग त्यानेच खाली लिहिलं, "सरकारने फुकट गॅस दिला तरी खेड्यातल्या बाया चूल सोडत नाहीत. सवयच लागलीय त्यांना." त्यावर धडाधड अंगठे. आपल्या वर्गातल्या मुलींचेसुद्धा.

ग्रुपवर मी काही बोलले नाही. तिथे बोलले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं. म्हणून इथे लिहितेय.

माझी मोठी काकू जालना जिल्ह्यात असते. मी तिच्याच हाताखाली वाढले. दोन वर्षांपूर्वी तिचा खोकला थांबेना म्हणून मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे काढला, मशीनमध्ये जोरात फुंकायला लावलं. कागद बघून डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "आजी, बिडी किती वर्षांपासून ओढता?"

काकूने पदर पुढे ओढला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मीच म्हटलं, डॉक्टर, बिडी नाही, चूल. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून चूल. परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. अंबड गेल्यावर हळूच म्हणाली, "तशी दिसती का गं म्या?"

सवय म्हणे.

आमच्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उपटायच्या, भारे बांधायचे, डोक्यावर आणायचे. पऱ्हाटी भुरकन जळून जाते, त्यामुळे चुलीपुढून उठायची सोय नाही. एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्या हाताने काड्या सारायच्या, आणि जाळ बसला की फुंकणी. पावसाळ्यात भारे ओले झाले की धूर असा कोंडतो की समोरचं माणूस दिसत नाही. त्या धुरात बसून मी अभ्यास केलाय. बाहेर पळायची मुभा मला होती, तिला नव्हती.

गरीब घरातल्या बाईच्या नावावर फुकट गॅस कनेक्शन देणारी केंद्राची उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली. काकूला पुढच्याच वर्षी गॅस मिळाला. कोपऱ्यात लाल टाकी, तिच्यावर क्रोशाचा रुमाल. घरात तिच्या नावावर आलेली ती पहिली वस्तू. घर काकांच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या, आणि गॅसचं पुस्तक मात्र तिचं. ही गोष्ट लहान नाही, मी कधीच तसं म्हणणार नाही. ज्यांनी हे केलं त्यांना श्रेय आहे.

पण कनेक्शन फुकट होतं, गॅस नव्हता. हे एवढं साधं आपल्या डोक्यात का शिरत नाही? शेगडी आणि पहिली टाकी बहुतेकींना कर्जावर मिळाली होती आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या सबसिडीतून कापलं जायचं. म्हणजे जिला सबसिडीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच पहिल्या टाक्या पुऱ्या भावाने. सप्टेंबर 2019 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते आठ कोटीवं कनेक्शन दिलं गेलं. आमच्या गावापासून कितीसं लांब ते. त्या आठवड्यात मी गावी होते. काकूची टाकी रिकामी होती आणि रुमाल धुऊन परत घातलेला होता.

टाकी भरलेली असायची तेव्हाही ती कशी वापरायची, ते एकदा बघायला हवं होतं तुम्ही. मी गेले की गॅसवर चहा. चहा उतरला की लगेच रेग्युलेटर बंद, आणि डाळीचं पातेलं चुलीवर. मी ओरडले तर म्हणायची, "तू आलीस म्हणून पेटविला माय. रोज जाळायला आपण काय सायब हाव का?" तिची रोजी तेव्हा दोनशे-अडीचशे, तीही रोज नाही. 2023 च्या सुरुवातीला टाकी अकराशेच्या वर गेली होती. शिवाय तालुक्याहून आणायला रिक्षाचे पैसे वेगळे. चार-पाच दिवस उन्हात वाकायचं, तेव्हा एक टाकी. पऱ्हाट्या फुकट. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

आणि आता ज्यांनी अंगठे दिले त्यांनी हे नीट वाचा. 2020 मध्ये, लॉकडाऊन लागलं तेव्हा, उज्ज्वलाच्या बायकांना तीन टाक्या मोफत दिल्या. टाकीचे पैसे आधी खात्यावर आले, मग टाकी भरली. आधी, नंतर नाही. त्या काळात काकूने घरातली चूल पेटवली नाही. गॅसवर भाकरी फुगत नाही म्हणतात, तिने तिसऱ्या दिवसापासून जाळीवर टम्म फुगवल्या. मला व्हिडिओ कॉल करून दाखवल्या. अंघोळीचं पाणी तापवायला एक चूल राहिली, ते खरं, पण ती अंगणात, मोकळ्या हवेत. इतक्या वर्षांची 'सवय' तीन दिवसांत सुटली!

मग फुकटच्या टाक्या संपल्या. सबसिडीही बंद झाली. चूल पुन्हा पेटली.

पुढे 2022 मध्ये दोनशे रुपये सबसिडी परत आली, 2023 मध्ये तीनशे झाली. राज्याने 2024 मध्ये अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत जाहीर केल्या. चांगलंच आहे. पण टाकी घेताना हातात पूर्ण पैसे पाहिजेत, परतावा मागाहून खात्यावर. आपल्याला यात काही वाटत नाही, आपण फोनवरून पैसे भरून मोकळे होतो. पण महिन्याच्या वीस तारखेला जिच्या डब्यात दीडशे रुपये असतात, तिने आधी पूर्ण पैसे आणायचे कुठून? मला एवढंच म्हणायचंय. तिच्याकडून तिच्या हिश्श्याचेच पैसे घ्या, उरलेले सरकार आणि गॅस कंपन्यांनी आपसात बघावेत. पाच किलोची छोटी टाकी योजनेत आहे, ती गावात मिळू द्या. तेवढी कुठलीही बाई आणेल.

देशाला लागणारा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो, तिजोरीवर भार पडतो, हेही मला कळतं. पण फुप्फुसांचा भार कोणाच्या हिशेबात धरायचा? घरातल्या धुराने 2020 साली जगात 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ओळीत उभी राहिलेली ती सगळी माणसं मला दिसत नाहीत. मला एकच दिसते, पदर पुढे ओढून बसलेली. आयुष्यभर घराला जेवू घातलं, आणि शेवटी डॉक्टरने विचारलं, बिडी किती ओढता.

2023-24 या वर्षात उज्ज्वलाच्या घरात सरासरी चारच्या आसपास टाक्या भरल्या गेल्या. माझ्याकडे तीन माणसांना वर्षाला आठ लागतात, आणि आम्ही अधूनमधून बाहेरूनही मागवतो. बाकीचा स्वयंपाक कशावर होत असेल, याचा विचार बोर्डाचा फोटो काढताना येत नाही का रे? चव वेगळी असते, मान्य. मलाही ती चव आवडते. तिच्या चुलीवरचं पिठलं मला स्वप्नात येतं. पण ते खाताना आता घास घशात अडकतो.

रागाच्या भरात बरंच लिहिलं. ज्याने फोटो टाकला तो वाईट माणूस नाही. त्याच्या आईनेही फुंकणी फुंकलीय, मी पाहिलंय त्यांचं घर. विसरला असेल. पुण्यात पंचवीस वर्षं राहिलं की होतं तसं.

हे लिहिता लिहिता मध्येच काकूला फोन लावला. म्हटलं टाकी आहे का. म्हणाली, "संपली, झाले दहा-बारा दिवस. वेचणीचे पैसे यायचेत, आले की आणते." मी पाठवते म्हटलं तर चिडली. श्वासाचा पंप घेतेस का विचारलं, तर "घेती गं." मग खोकल्याची एक लांब उबळ, मागे फुंकणीचा आवाज. नातसून नाही, तीच फुंकत होती. म्हणाली, "ठेव आता माय, जाळ बसायला लागला."