‘प्रायमर चपटा नाही, म्हणजे प्रेशर ठीक’? एका प्रतिक्रियेला उत्तर

.३०-०६ या मापाच्या रायफलीचं काडतूस घरी भरताना चार्ज (म्हणजे पावडरचं वजन) कसा वाढवत न्यावा, यावरच्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात: मी ‘पुस्तकी आणि घाबरट’, ते स्वतः थेट पुस्तकातल्या कमाल चार्जपासून सुरुवात करतात, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होत नाही म्हणजे प्रेशर (बार उडताना आतला वायूचा दाब) सुरक्षित, त्यांचे तीन बार अर्ध्या इंचात बसतात, आणि कोकणात आजोबा ठासणीची बंदूक भरायचे तेव्हा कुठलं मॅन्युअल होतं?

आधी माझी चूक. केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) ‘कमाल’ लांबी मी २.४८४ इंच लिहिली होती. ती ट्रिम करून आणायची लांबी, कमाल २.४९४. दुरुस्ती केली आहे, आभार. पण त्याला ‘एवढंही माहीत नाही तर लिहिता कशाला’ हे शेपूट जोडायची काय गरज होती? विस्कॉन्सिनच्या हरणांच्या हंगामात अठरा वर्षं मी स्वतः भरलेलीच काडतुसं वापरतोय, आणि हे टाइप करायला दहाही बोटं शाबूत आहेत. ‘घाबरट’ म्हणा, चालेल. ‘पुस्तकी’ मात्र लागलं, कारण पुस्तक नीट वाचलं असतंत तर प्रायमरचं ते वाक्य तुम्ही लिहिलंच नसतं.

प्रायमर म्हणजे प्रेशर गेज नव्हे. सगळ्या कंपन्यांच्या प्रायमरचा कप सारखा जाड, सारखा कडक नसतो. एकाच चार्जवर मऊ कप पसरतो आणि कडक कपाच्या कडा गोल राहतात. तुमच्या कडा गोल राहिल्या, यावरून कप कडक आहे एवढंही निघू शकतं.

उलटंही होतं. साइझिंग डाय (झाडलेली केस पुन्हा मापात दाबणारा साचा) जरा जास्त खाली फिरवली आणि केसचा शोल्डर (मानेखालचा उतार) आठ-दहा हजारांश इंच मागे गेला, असं धरा. बार उडताच प्रायमर आधी मागे सरकून बोल्टला (काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याला) टेकतो. मग प्रेशर चढतं, केस ताणून मागे येते आणि बाहेर आलेला प्रायमर पुन्हा बुडातल्या आपल्या जागेत दाबला जातो. झाला चपटा! चार्ज मात्र मध्यमच. अशी केस पुन्हापुन्हा भरलीत की बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं उमटतं, आणि एक दिवस ती तिथेच तुटते. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून खरवडा. खाच लागली तर केस सरळ भंगारात. बोल्ट ॲक्शनमध्ये झाडलेल्या केसपेक्षा शोल्डर ०.००२ इंच मागे गेला की पुरे. तो कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरवर टेकणारा जोड) लावून मोजायचा, अंदाजाने नाही.

आता आकडे. सामी या अमेरिकी मानक संस्थेची मर्यादा .३०-०६ ला ६०,००० पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड दाब) आहे, .२७० विंचेस्टरला ६५,०००. प्रायमर दोन्हींत तोच, लार्ज रायफल. मग .३०-०६ मध्ये ६३,००० झाले हे त्या बिचाऱ्याने कसं ओळखायचं? बोल्ट जड उठणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खटक्याचा) चकाकता ठसा, ही लक्षणं दिसेपर्यंत मर्यादा बहुधा मागे पडलेली असते.

म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. बॅरल पुस्तकातल्या इतकंच लांब असेल आणि पुस्तकातला कमाल वेग तुम्हाला दीड ग्रेन (पावडर तोलायचं वजनी माप) आधीच मिळाला, तर तुमचा कमाल चार्ज तिथेच संपला. फुकटचा वेग कुठून येत नसतो. पुस्तकात कमाल ५५ ग्रेन असेल (आकडा फक्त हिशेबापुरता, लोड म्हणून उचलू नका), तर दहा टक्के खाली, ४९.५ वर सुरुवात करा. अर्ध्या ग्रेनने चढा, शेवटच्या दोन ग्रेनला ०.३ ने. ब्रास (म्हणजे केस), प्रायमर, बुलेट, पावडरचा लॉट यांपैकी काहीही बदललं की पुन्हा खालून. लष्करी ब्रास बहुधा जाड असते, आत जागा कमी, त्यामुळे तोच चार्ज जास्त प्रेशर देतो. बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळदार खाचांना) टेकवून बसवली तरी प्रेशर चढतं, मी ०.०२० इंच अंतर ठेवतो. आणि तराजूवर पंख्याचा वारा येऊ देऊ नका, दर वेळी चेक वेट (ठरलेल्या वजनाचं माप) ठेवून बघा.

तीन बारांच्या गटाबद्दल काय बोलणार? दहा बार मारा, मग बोलू.

आजोबांच्या ठासणीत काळी दारू असायची, मापाने भरलेली. बिनधुराची पावडर वजनानेच मोजायची असते, आणि ती ठासणीत भरली तर नळीच फुटेल. दोन्ही एका दमात आणू नका. महाराष्ट्रात तर परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हाच आहे, त्यामुळे ही चर्चा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या वाचकांपुरतीच.

तुमच्या प्रतिक्रियेतली चार्जची ओळ मी काढली आहे. सेन्सॉरशिप म्हणायचं तर म्हणा. तुम्ही नुसतं ‘४३५०’ लिहिलंत. आयएमआर ४३५०, एच ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत, आणि एकीचा कमाल चार्ज दुसरीला लावायचा नसतो. डब्यावरचं पूर्ण नाव, बुलेटचं वजन आणि बॅरलची लांबी कळवा. तोवर तुम्ही भरून ठेवलेल्या त्या पन्नास काडतुसांना हात लावू नका.