मामा, तुम्ही हलायचं नाही

वाजवायला शिकणाऱ्यांत बिगिनर परवडला, तो पाच-दहा मिनिटांत दमतो. एक्स्पर्ट असेल तर आपण तिकीट काढून ऐकतो. घराला खरा ताप इंटरमिजिएटचा, त्याला धड जमतही नाही आणि तो दमतही नाही. माझी भाची सध्या ह्याच स्टेजला आहे, आणि तिच्या परकशन ग्रुपची प्रॅक्टिस बेळगावात, टिळकवाडीत आमच्याच हॉलमध्ये चालते.

परकशन म्हटल्यावर मी खूशच झालो होतो. कॉलेजात असताना पथकात ताशा बडवलाय की, पार कपिलेश्वर तलावापर्यंत. पण हे प्रकरण वेगळंच निघालं. जॉन केज म्हणून एक अमेरिकन होता, त्याचा १९४० चा पीस, चौघांनी हॉलमधल्याच वस्तू वाजवायच्या. एकानं मासिकं नाहीतर पेपर, दुसऱ्यानं टेबल, तिसऱ्यानं जाड पुस्तकं आणि चौथ्यानं जमीन, भिंत नाहीतर दार. आमच्यातल्या चौथ्यानं दार निवडलं. झालं, ते वाजलं की बायको किचनमधून हात पुसत येऊन कडी काढायची, बाहेर कोण नाही, आणि एकदा खरंच दूधवाला आला तर आतून पोरं त्याच्यावरच ओरडली, एंट्री चुकली म्हणून.

त्यातून सुटतोय तोवर स्टीव्ह राइश. १९७२ चा पीस, दोघंजण, नुसत्या टाळ्या. तिचा जोडीदार परीक्षेचं निमित्त काढून पळाला म्हणून मला बसवलं. टाळ्याच ना, आरतीला जन्मापासून वाजवतोय! तर पॅटर्न असा, तीन टाळ्या गॅप, दोन गॅप, एक गॅप, दोन गॅप, झाल्या बारा मात्रा. आठ टाळ्यांचं काही नाही हो, ते चार गॅप जीव खातात. ताशावाल्याचा हात मधेच थांबला तर लोक विचारतात, काय रे, बरं नाही काय? शिकणाऱ्या पोरांना असले पीस का देतात ते तेव्हा कळलं, हाताला काम सोपं आणि डोक्याचं पार भरीत.

पुढं तर कहर. एकानं शेवटपर्यंत तेच वाजवायचं, दुसऱ्यानं ठरलेल्या वेळा वाजवून झालं की एक मात्रा सरकायचं, परत सरकायचं, असं बाराव्यांदा सरकला की दोघं पुन्हा एकत्र.

‘मामा, तुम्ही हलायचं नाही. मी सरकणार.’

‘अगं, १९५६ ला तुझे पणजोबा ह्याच घरात बसलेले, मुंबई राज्यात झोपले आणि म्हैसूर राज्यात उठले. आम्ही हलत नसतो, बाकीचे सरकतात.’

बोलायला ठीक आहे. प्रत्यक्षात ती सरकली की माझे हात गुपचूप तिच्या मागं जातात आणि दोघं झकास एकत्र वाजवत बसतो.

‘मामा! परत माझ्याकडं आलात!’

शेजारच्या कन्नड अज्जी कंपाउंडवरून डोकावल्या, ‘आरती इन्नू मुगीलिल्लेनु?’ बायको म्हणाली, नाही हो अज्जी, अजून कुठली संपते, प्रसादाचं तर नावच काढू नका.

काल भाचीनं पुढचा पीस आणला. त्याच राइशचा, १९७३ चा, लाकडी काठ्या एकमेकींवर आपटायच्या आणि माणसं लागतात पाच. बायकोनं तडक माहेरी फोन लावला. मला वाटलं, निघाली ही. तर ती तिकडं विचारत होती, ‘दादा, रविवारी मोकळा आहेस काय? येताना लाटणं घेऊन ये.’