‘विसरून जा’ एवढं सोपं नाही

गूगल शीट्स या ऑनलाइन तक्त्यांच्या अ‍ॅपमधली शीट एकदा ‘पब्लिश टू वेब’ केली, म्हणजे तिचं वेबपान करून टाकलं, की विसरून जायचं, असं एका लेखात म्हटलंय. ते ‘विसरून जायचं’ तेवढं खटकलं. आमची देवगडला हापूसची लहानशी बाग आहे. पेटीचे भाव (४ डझनी, ५ डझनी, ६ डझनी) मी गूगल शीट्समधून असेच पान करून टाकले. काय प्रकाशित करायचं ते तिथे विचारतात, पण आधीच ‘संपूर्ण दस्तऐवज’ निवडलेलं असतं. मी आपला बटण दाबून मोकळा. त्याच फाइलच्या दुसऱ्या टॅबवर उधारीची यादी होती, नावं-नंबरांसकट! मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “अहो, माझी बाकी जगाला कशाला दाखवताय?” काय बोलणार, कप्पाळ!

शेअरिंग फक्त स्वतःपुरतं ठेवलं तरी प्रकाशित पान लिंक असलेल्या कुणालाही उघडतं, हे मला तेव्हा कळलं. आता भावांची फाइलच वेगळी केली आहे. मूळ शीटमधून इंपोर्टरेंजने (एका फाइलमधला मजकूर दुसरीत आणणारं सूत्र) तेवढाच तक्ता तिच्यात ओढतो. आणि हो, बदल पानावर यायला काही मिनिटं जातात, त्यामुळे भाव चढला की जुन्याच भावाने भांडणारा एखादा भेटतोच.