बापूंची बिडी आणि मामांचं झाकण

बापूंनी गणपतीच्या आधी बिडी सोडली आणि दसऱ्यापर्यंत त्यांची झोप उडाली. बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ आमचा कट्टा बसतो, तिथं त्यांनी ही तक्रार सलग चार दिवस मांडली. पाचव्या दिवशी तिचं भांडण झालं.

"बिडी ओढत होतो तवा दिसाला आठ चहा प्यालो तरी पाठ टेकली की घोरालो. आता बिडी न्हाई, चहा तेवढाच. खरं रात्री दोनला डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. मग सांगा, वाईट बिडी का चांगली?"

(बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. बापू खरं बोलतायत की नाही हा प्रश्न वेगळा.)

बापू उद्यमबागेत एका फौंड्रीत तीस वर्षं मोल्डिंगला होते. बिडी निपाणीची, चहा कट्ट्याजवळच्या टपरीवाल्या मामांचा. धडधडीसाठी डॉक्टरांकडं जाऊन आलेले. ईसीजी बरा निघाला आणि डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला चहा किती? बापूंना तो प्रश्नच अपमान वाटला.

"चहात काय आसतंय? कॉफीत आसतंय ते कॅफिन," मेडिकल दुकानात कामाला असलेला पोरगा म्हणाला. झालं. मास्तरांनी बशी खाली ठेवली. मास्तर म्हणजे हायस्कुलात रसायन शिकवून रिटायर झालेला माणूस, असं वाक्य त्यांच्यासमोर टाकायचं नसतं.

"वजनाला वजन लावलंस तर कोरड्या चहापुडीत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त भरतं रे. पुडीत शंभराला दोन ते चार. कपाला पूड कमी लागते म्हणून कप हलका."

मग मास्तर जर्मनीत गेले. 1819 साली रुंगे नावाच्या तरुणानं गटे या थोर कवीसमोर मांजराच्या डोळ्यात बेलाडोना या विषारी झाडाचा रस घालून बाहुली मोठी करून दाखवली. म्हातारा खूश झाला आणि त्यानं त्याला कॉफीच्या बिया दिल्या, यातलं काय ते काढ म्हणाला. रुंगेनं कॅफिन काढलं. पुढं 1827 मध्ये चहातून एक द्रव्य निघालं, त्याचं नाव 'थीन' ठेवलं. आणखी अकरा वर्षांनी कळलं, दोन्ही एकच.

"म्हणजे नाव दोन, माल एक," बापू म्हणाले. "ते आमाला काय शिकवालासा? 2014 पास्नं बेळगावात ऱ्हातोय का बेळगावीत, अजून कळंना."

यावर कट्टा बराच वेळ हसला. हा विषय निघाला की आमच्याकडं चहाची एक फेरी वाढते, त्या दिवशीही वाढली.

बापूंचं म्हणणं साधं होतं. दिसत नाही ते मोजायचं कसं? मास्तरांनी बारावीचं प्रॅक्टिकल सांगितलं. पूड पाण्यात उकळायची, त्यात धुण्याचा सोडा टाकायचा म्हणजे टॅनिन, चहातलं तुरट द्रव्य, पाण्यातच अडकून राहतं. गाळून गार करायचं, क्लोरोफॉर्म घालून हलक्या हातानं हलवायचं. जोरात हलवलं तर ताकासारखा फेस होतो आणि तास फुकट जातो. कॅफिन क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं, तो खालचा थर वेगळा काढायचा आणि उडवून लावायचा. बुडाशी राहतात पांढऱ्या सुया, जरा हिरवट झाकेच्या. मोठ्या लॅबमध्ये यंत्र असतं. अर्क एका बारीक नळीतून दाबानं ढकलतात, त्यातली द्रव्यं एकामागोमाग एक बाहेर पडतात, कॅफिनची पाळी आली की अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते बघतात, आणि वजन माहीत असलेल्या शुद्ध कॅफिनशी ताडून आकडा काढतात.

"नळीतनं कशाला? चहावर सरळ उजेड मारायचा की," पोरगा.

"त्या उजेडाला टॅनिनबी शोषतं. आधी वेगळं केलं न्हाईस तर सगळंच कॅफिन म्हणून मोजशील."

हे ऐकून बापू म्हणाले, आपल्याकडं ना नळी ना क्लोरोफॉर्म, मग मामांच्या चहाचं काय? मास्तर उठले आणि टपरीत गेले. मामा पूड मोजतात ती एका चेमटलेल्या डब्याच्या झाकणानं. एका आधणाला दोन झाकणं, वीस वर्षं हाच हिशेब. मास्तरांनी ते झाकण मागितलं. मामांचं घर कानडी, मराठी धंद्यापुरती. त्यांना वाटलं मास्तर झाकण विकत घेतायत. त्यांनी दिलं, वर चमचाभर पूडही दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला. मास्तरांनी झाकण शहापुरात ओळखीच्या सोनाराकडं नेलं होतं. सोन्याच्या काट्यावर चहापूड बहुतेक पहिल्यांदाच चढली असेल. झाकणात 11 ग्रॅम.

आता हिशेब, मामांच्या वहीच्या मागच्या पानावर: दोन झाकणं 22 ग्रॅम. शंभराला तीन धरलं तर 660 मिलिग्रॅम कॅफिन. सगळंच पाण्यात उतरलं असं समजा. आधणातून 75 मिलीचे तेरा ग्लास निघतात. म्हणजे ग्लासाला फार तर पन्नासेक.

"आठ ग्लास, चारशे," मास्तरांनी पानावर चौकोन काढला. "हैदराबादची पोषण संस्था 2024 मध्ये म्हणाली, दिवसाला तीनशेच्या वर जाऊ नका. चहाच्या कपाला त्यांनी तीस ते पासष्ट धरलंय, आपला आकडा त्यात बसतो."

पोरग्यानं मोबाईल काढला. "युरोपवाले चारशे चालतं म्हणालेत."

"मग बापू युरोपात बसतायत!"

दोन सरकारी आकड्यांवर आमच्यात अर्धा तास गेला. तो मी गाळतो. माझं मत एवढंच की दोन्ही आकडे निरोगी, सरासरी माणसाचे आहेत आणि बापू कधीच सरासरी नव्हते. माझ्या भाचीला सातवा महिना चालू आहे, तिला डॉक्टरांनी दोनशेवर थांबायला सांगितलंय. गरोदरपणात शेवटी शेवटी कॅफिन अर्धं उतरायला पंधरा तास लागू शकतात, एरवी पाचेक. तिच्या घरात पितात तो चहा एकाच पातेल्यातला. सासूला तो दुपारी उतरतो, तिला रात्रभर पुरतो.

बापूंनी मात्र हिशेबावरच बोट ठेवलं. "रंग बघा की. मामांचा चहा पातळ. खडे बाजारात पितो तो काळाकुट्ट. त्यात दुप्पट आसंल."

इथं मास्तर चिडले. रंग कॅफिनचा नसतोच. कॅफिन पांढरं, पाण्यात विरघळलं की दिसतही नाही. चहाचा तांबूस रंग पान आंबवताना टॅनिनपासून तयार होणाऱ्या दुसऱ्याच द्रव्यांचा. दुधानं कॅफिन कमी होत नाही, फक्त तुरटपणा मरतो. आणि तीच पूड परत परत उकळून चहा 'कडक' करणाऱ्यांबद्दल ते जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही. सीटीसीचा, म्हणजे यंत्रात चुरून वळलेल्या रोजच्या चहापुडीचा, बारीक दाणा पहिल्या चार-पाच मिनिटांतच बहुतेक कॅफिन सोडून मोकळा होतो. गार पाण्याच्या शंभर मिलीत दोन ग्रॅम विरघळतं, उकळत्यात सहासष्ट, मग आत राहणार कशाला? पुढं उकळून निघतो तो कडूपणा.

"बरं, चारशे तर चारशे," बापू हट्टाला पेटले. "खरं तेव्हाबी चारशेच पीत होतो की! तेव्हा झोप कशी लागत होती? हे सांगा, मग मानतो."

प्रश्न बरोबर होता. मास्तर गप्प. रसायन ग्लासापर्यंत पोचलं होतं, घशाखाली नाही. उत्तर त्या मेडिकलवाल्या पोरग्याकडं निघालं, ज्याला पहिल्या दिवशी आम्ही गप्प बसवलं होतं.

दिवसभर मेंदूत एक द्रव्य साठत जातं, ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर आधीच जाऊन बसतं. एसटीत रुमाल टाकून ठेवल्यासारखं. रुमाल उचलायचं काम लिव्हरचं. आणि बिडीच्या धुरातल्या डांबरानं लिव्हरमधला तोच कामगार जोरात पळतो. निकोटिन न्हवं बापू, धूर. ओढणाऱ्याचं कॅफिन जवळपास दुप्पट वेगानं उतरतं. बिडी सुटली, कामगार मूळ चालीवर आला. चहा तेवढाच राहिला तर रक्तात कॅफिन दुपटीच्या घरात जातं.

"म्हणजे मी आठ पीत न्हाई आता," बापू सावकाश म्हणाले. "सोळा पितोय."

"तसंच."

"आणि बिडी परत धरली तर आठ?"

हे ऐकून मास्तरांनी जे डोळे वटारले ते बघून कट्ट्यावरचं कुत्रंही उठून गेलं. तीस वर्षं फौंड्रीची वाळू आणि बिडी ज्या छातीत गेली, तिला झोपेसाठी परत धूर द्यायचा? बापूंनी चेष्टेत विचारलं होतं असं ते अजून सांगतात. मला खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी बापूंनी चहा एकदम बंद केला. तडकाफडकी, जशी बिडी केली होती. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकलं की त्यांनी दुकानातून गोळी आणून खाल्ली. तासाभरात उतरलं. संध्याकाळी येऊन विजयानं सांगितलं, चहा सुटला, डोकं दुखलं, गोळीनं गेलं, चहाची गरजच न्हाई. पोरग्यानं खिशातली पट्टी मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: पॅरासिटामॉल, आणि कॅफिन 50 मिलिग्रॅम.

"मामांचा एक ग्लास," मास्तर म्हणाले. "बिनदुधाचा. गिळलासा."

मग तह झाला. तीन-चार दिवसांनी एक ग्लास कमी करायचा, चारच्या पुढं चहा नाही, जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर नाही. शेवटची अट मास्तरांची. टॅनिन जेवणातलं लोह अडवतं, ते कॅफिनच्या खात्यावर टाकू नका, असंही त्यांनी बजावलं. झाकण मामांना परत केलं. सोनारानं ते चकचकीत घासून दिलेलं, मामांनी दोन दिवस ते वापरलंच नाही.

बापू आता पाचवर आलेत. झोप कधी लागते, कधी नाही. काल साडेसहाला मामांनी गाळणं हातात धरून सवयीनं विचारलं, "इन्नोंद बेकेन्री?" म्हणजे आणखी एक पाहिजे काय. बापूंनी घड्याळ बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आणि "बेडरी", नको, म्हणाले. मग माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, एक घोट मारला आणि परत दिला.

"ह्यो घोट," ते मला म्हणाले, "तुझ्या हिशेबात लाव."