वाळवंटी झाडांना पाणी लागतं, आणि चांगलंच लागतं

'वाळवंटी झाडांना पाणी लागत नाही. त्यांची मुळं थेट भूजलाला भिडतात. निवडुंगाच्या पोटात शुद्ध पाणी असतं, तहान लागली तर कापून प्या.' हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच. निवडुंगात पाण्याची पिशवी नसते, चिकट गर असतो. बहुतेक जातींच्या गरातली आम्लं आणि अल्कलॉइडं (कडू, बऱ्याचदा विषारी रसायनं) माणसाला सोसत नाहीत. उलट्या-जुलाब झाले की अंगात होतं तेही पाणी जातं.

आता मुळं. मेस्किट या अमेरिकेतल्या काटेरी झाडाची मुळं ५० मीटरहून खोल सापडली आहेत, हे खरं. पण अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातला सागुआरो हा महाकाय निवडुंग एक सोटमूळ सोडलं तर बाकीची मुळं वरच्या वीतभर मातीतच दूरवर पसरवतो. तिथला पाऊस फारसा खोल झिरपत नाही. तो पडल्या पडल्या टिपायचा, तर मुळं वरच हवीत. पाणी मिळालं की खोडाच्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या फुलतात.

राहिलं 'पाणी लागत नाही'. लागतं, फक्त खर्च विलक्षण जपून होतो. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, ही वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांची नोंद १८१५ साली छापून आली. त्यामागचं कारण मला आजही थक्क करतं. पानफुटीसारखी झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, रात्री उघडतात, कारण गारव्यात बाष्प कमी उडतं. आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून उन्हात त्याचं अन्न बनवतात. निवडुंगही हेच करतात. पण या काटकसरीत वाढ खुंटते. सागुआरोचं रोप आठ वर्षांत जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर होतं!

पाण्यावाचून खरोखर तगतात ती आफ्रिकेतल्या मायरोथॅम्नससारखी मोजकी झुडपं. पानांतलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी गेलं तरी पेशींमधल्या शर्करा आतली रचना सावरून धरतात आणि पावसानंतर पानं पुन्हा हिरवी होतात. मात्र कोरड्या काळात त्यांचं अन्न बनवणं आणि वाढणं पूर्ण थांबलेलं असतं.