सगळ्यांच्या नावावरचं कर्ज आणि इटलीतली पाळणाघरं

चिंचवडहून इटलीतल्या तुरीनला गेलेला आमचा मित्र सुट्टीवर आला होता. चापेकर चौकाजवळच्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी जमली आणि त्याने फोनवर एक फोटो दाखवला. तो राहतो त्या इमारतीच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक जाड थर चिकटवलाय, त्यावर नवं प्लास्टर, खिडक्यांना दुहेरी काचा. थंडीत गॅस कमी जळावा म्हणून.

"मालकांच्या खिशातून एक पैसा गेला नाही," तो म्हणाला. "खर्चाच्या एकशे दहा टक्के सरकारने दिले."

आमच्या सीएने फोन त्याच्या हातातून घेतलाच. "एकशे दहा? शंभर नाही?"

एकशे दहाच. इटलीने मे २०२० मध्ये ही योजना आणली, नाव सुपरबोनस. एक लाख युरोचं काम केलं की एक लाख दहा हजारांची करसवलत. तेवढा कर भरत नसाल तर ती सवलत बँकेला किंवा कंत्राटदारालाच विकून टाका. म्हणजे कंत्राटदार काम करणार, सवलतीचा कागद घेणार, बँकेकडून पैसे उचलणार. "मग भाव कोण करणार?" सीए म्हणाला. "देणाऱ्याच्या खिशाला झळ नाही आणि घेणाऱ्याला मर्यादा नाही. पहाडाच्या म्हणजे परांचीच्या भाड्यापासून सगळं वाढलं असणार." वाढलंच. खोट्या कामांचे कागदही विकले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान मेलोनींच्या सरकारने कागद विकायची सोय बंद केली, तोवर योजनेचा बोजा शंभर अब्ज युरोकडे निघाला होता. पुढे तो १२० अब्जांच्याही वर गेला. सुधारल्या किती इमारती? पाच लाखांच्या आसपास.

"आणि हा पैसा युरोपने दिला," सीए म्हणाला. "जर्मन करदात्याने इटालियन माणसाच्या भिंती रंगवून दिल्या."

इथे सर मध्ये पडले. सरांनी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यांच्यासमोर आकडा ढिला सोडून चालत नाही. "थांब. युरोपच्या कोरोनानंतरच्या निधीतले त्यात साधारण १४ अब्ज. बाकी सगळं इटलीने स्वतःच्या तिजोरीवर ओढवून घेतलं. दोन्हीची खिचडी करू नकोस."

मग सरांनी मूळ गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्यासारखीच आहे. जुलै २०२० मध्ये ब्रसेल्सला युरोपीय संघाच्या २७ देशांचे प्रमुख चार दिवस-चार रात्री भांडत बसले होते. कोरोनाने इटली आणि स्पेन आडवे झाले होते. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क म्हणत होते की द्यायचंच तर कर्ज द्या, फुकट देऊ नका. शेवटी ७५० अब्ज युरोवर तडजोड झाली: ३९० अब्ज अनुदान, ३६० अब्ज कर्ज. हे पैसे उभे करायला युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेने, सगळ्यांच्या वतीने, इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच, रोखे विकले, म्हणजे बाजारातून कर्ज उचललं. फेड २०५८ पर्यंत. प्रत्येक देशाने आपला आराखडा द्यायचा, त्यात किमान ३७ टक्के हवामानासाठी आणि २० टक्के डिजिटल कामांसाठी. सगळ्यात मोठा वाटा इटलीचा, १९१.५ अब्ज.

"दहा वर्षांपूर्वी ग्रीसला काय केलं होतं आठवतं?" सर म्हणाले. "पगार कापा, पेन्शन कापा, मग कर्ज मिळेल. या वेळी म्हणाले, रेल्वे बांधा, शाळा बांधा, पैसे आम्ही उभे करतो. हा बदल छोटा नाही रे."

माझंही तेच मत आहे आणि मी ते कट्ट्यावर जोरात मांडलं. एकट्या इटलीने तेव्हा बाजारात जाऊन एवढं कर्ज मागितलं असतं तर व्याजाने कंबर मोडली असती. आयोगाचे पहिले दहा वर्षांचे रोखे जून २०२१ मध्ये ०.०८६ टक्क्याने गेले. जवळपास बिनव्याजीच.

"पहिले," सीए म्हणाला. "पुढचे?"

त्याचा मुद्दा खरा होता. दोन वर्षांत दर तीन टक्क्यांवर गेले आणि व्याजाचा बोजा धरला होता त्याच्या कितीतरी पुढे पोचला.

पण माझी तक्रार व्याजाची नाही. पैसे कशावर मिळतात, तिथे घोळ आहे. बिलं दाखवून पैसे मिळत नाहीत. ठरलेला टप्पा गाठला की हप्ता सुटतो. कायदा मंजूर झाला, निविदा निघाली, इतके किलोमीटर रूळ पडले, की पुढचा हप्ता. कल्पना चांगली आहे. पोलंडचे पैसे न्यायालयांच्या स्वातंत्र्याच्या अटीवर अडवून धरले होते, ते सरकार बदलल्यावर, २०२४ मध्ये सुटले. हंगेरीला तर अशा २७ अटी घातल्या. पैशाने एवढी ताकद दाखवलेली मला आवडते. पण टप्पा म्हणजे फळ नव्हे. युरोपच्या लेखापरीक्षकांनीही हेच बोट ठेवलं: काम झालं हे कळतं, त्याने लोकांचं काय भलं झालं आणि खरा खर्च किती आला, हे कळत नाही.

आणि सगळ्याला एकच मुदत, ३१ ऑगस्ट २०२६.

इथे मला पाळणाघरांचं बोलायचं होतं, कारण तुरीनच्या मित्राची बायको तिथे तेच शोधत होती. इटलीत तीन वर्षांखालच्या मुलांना पाळणाघरात जागा मिळणं मुश्कील, दक्षिणेत तर फारच. आराखड्यात पाळणाघरं आणि बालवाड्या मिळून २,६४,४८० नव्या जागांचं वचन होतं. पुढे ते १,५०,४८० वर आणलं. एक लाख चौदा हजार मुलांच्या जागा कागदावरून गेल्या. बांधकाम महागलं हे एक कारण. दुसरं, जुन्या इमारतींची डागडुजी करून दाखवलेल्या जागा आयोगाने नव्या म्हणून धरल्या नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते असं, की दक्षिणेतल्या गावांकडून अर्जच पुरेसे आले नाहीत, २०२२ मध्ये मुदत वाढवावी लागली. छोट्या नगरपालिकेत अर्ज लिहायला, आराखडा काढायला इंजिनीअर नाही. गरज जिथे जास्त तिथेच मागायला माणूस नाही.

"आणि खेडी सजवायला पैसे आहेत," मित्र म्हणाला. तेही खरं. ओस पडत चाललेल्या २१ गावांना प्रत्येकी दोन कोटी युरो दिले. मध्य इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातलं कालाशियो त्यातलं एक, डोंगरावरचं, वस्ती दीडशेच्याही आत.

"दोन कोटी युरो, दीडशे माणसं!" सीए ओरडला.

"गाव वाचवायचं असेल तर खर्च येणारच," सर म्हणाले. यावर आमच्यात एकमत झालं नाही. मी सरांच्या बाजूने होतो. पण त्या गावात शाळा चालू राहील की नुसती पर्यटकांची हॉटेलं उठतील, हे ऑगस्ट २०२६ मध्ये कसं कळणार?

डिजिटलबद्दल फार वाद झाला नाही. स्पेनने छोट्या धंद्यांना दोन हजारांपासून बारा हजार युरोंपर्यंत कूपनं दिली, वेबसाइट, बिलिंग सॉफ्टवेअर असल्या गोष्टींसाठी. पैसे थेट सॉफ्टवेअरवाल्याला, सेवा बारा महिने. तेराव्या महिन्यापासून दुकानदाराने ती स्वतः चालवायची. केशकर्तनालयवाल्याला नवी वेबसाइट मिळाली, ती कोण उघडतंय हे विचारायला कुणी गेलं नाही, एवढंच मी म्हणालो आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मुदतीवर मात्र सर माझ्याशी भांडले. "मुदत हवीच," ते म्हणाले. "आपल्या स्मार्ट सिटीचं काय झालं? २०१५ ची योजना, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, शेवटी मार्च २०२५. पिंपरी-चिंचवड त्यात होतं, आपण पाहिलंय ना? तारीख हलते तेव्हा जबाबदारीही हलते."

"मग तारखेसाठी काम निवडलं जातं, सर," मी म्हणालो. "रस्ता पटकन होतो, भिंतीला थर पटकन लागतो. पाळणाघराला जागा, बांधकाम, नंतर शिक्षिका, दरमहा पगार. मंद काम मागे पडतं आणि आराखड्यातून कापलं जातं ते हेच."

"तारीख तशी फार पक्की नाही," सीए म्हणाला. त्याने सांगितलं की जून २०२५ मध्ये आयोगानेच वाट काढून दिली: ऑगस्टपर्यंत पूर्ण होणार नाही ते सोडा, किंवा पैसे सरकारी विकास बँकेच्या भांडवलात घाला, खर्च पुढे होईल.

"म्हणजे पैसा बँकेत आणि टप्पा पूर्ण?" सर विचारात पडले.

"आणि त्यातून पाळणाघर बांधायचं कुणाच्या हातात?" मी विचारलं.

"बँक कर्ज देईल," सीए म्हणाला. "परतफेड कोण करणार ते बघून देईल."

"पाळणाघर कशाने परतफेड करणार?"

यावर सर म्हणाले, त्यासाठीच अनुदान असतं, आणि सीए म्हणाला, मग अनुदान आधी पाळणाघरांना द्यायला हवं होतं, एकशे दहा टक्क्यांना नाही. या एका वाक्यावर तिघेही एकदमच हो म्हणालो.